अँटिग्वा ग्वाटेमालातली पहिली रात्र: हॉस्टेल निवडण्यापासून रात्री एक वाजता परत येईपर्यंत

अँटिग्वा म्हटलं की मराठी माणसाला आधी क्रिकेट आठवतं, व्हिव्हियन रिचर्ड्सचं कॅरिबियन बेट आठवतं. इथे बोलायचंय ते दुसऱ्या अँटिग्वाबद्दल. हे शहर मध्य अमेरिकेत ग्वाटेमालाच्या डोंगरात आहे, आणि त्याला स्वतःचा विमानतळ नाही. त्यामुळे तिकीट काढताना शहराच्या रकान्यात नुसतं ‘अँटिग्वा’ लिहू नका, नाहीतर थेट बेटाचं तिकीट हाती येईल. उतरायचं ग्वाटेमाला सिटीला, ला आउरोरा विमानतळावर. त्याचा कोड ‘जीयूए’. तिथून अँटिग्वा साधारण ४० किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तासाभरात पोचता, संध्याकाळच्या गर्दीत सापडलात तर दोन-तीन तास जातात.

शहर १५४३ साली वसलं. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ ते स्पॅनिश अमलाखालच्या मध्य अमेरिकेची राजधानी होतं. १७७३ च्या जुलैमधल्या भूकंपांनी ते मोडलं आणि १७७६ मध्ये राजधानी आजच्या ग्वाटेमाला सिटीकडे हलवली गेली. मागे राहिलं ते पडक्या चर्चचं, बसक्या घरांचं, दगडी फरसबंदीचं गाव. १९७९ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. हा इतिहास इथे सांगण्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. १९६९ मध्ये शहराच्या जतनासाठी कायदा झाला. त्यामुळे उंच इमारती, लखलखत्या पाट्या, निऑनचे दिवे यांना इथे मज्जाव आहे. बार असो, क्लब असो, हॉस्टेल असो, बाहेरून दिसते ती रंगवलेली भिंत, लाकडी दार आणि दारालगत छोटीशी पाटी. सगळी मजा दाराच्या आत, चौकात. आपल्या जुन्या वाड्यासारखीच रचना: मधे उघडा चौक, चारी बाजूंनी खोल्या. नवखा माणूस रस्त्यावर उभा राहून ‘इथे तर काहीच दिसत नाही’ म्हणतो, तेव्हा तो बऱ्याचदा बारच्या दारातच उभा असतो.

दुसरी गोष्ट, इथली रात्र लवकर संपते. ग्वाटेमालात २००४ पासून रात्री १ ते सकाळी ६ या वेळेत दारूविक्रीला बंदी आहे. मुंबई-पुण्याच्या सवयीने अकराला बाहेर पडलात तर हातात दोनच तास उरतात. इथली रात्र चांगली जाणार की वाईट, हे दुपारीच ठरतं: कुठली खाट घेतली, खिशात किती सुट्टे ठेवले, पोटात काय घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचंय यावर.

निघण्यापूर्वी कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर ग्वाटेमालासाठी व्हिसाचे नियम तुमच्याकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा व्हिसा आहे यावरही अवलंबून असतात. म्हणून नवी दिल्लीतल्या ग्वाटेमालाच्या दूतावासाकडून लेखी उत्तर घ्या आणि ते छापून सोबत ठेवा. विमान अमेरिकेतून बदलणार असेल तर विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नसलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच. ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा यांचे मिळून ९० दिवस मोजले जातात. एका देशातून दुसऱ्यात गेलात म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही.

अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींनी पुढचं नीट वाचावं, कारण ह्यूस्टन किंवा मायामीहून इथे पोचणं सोपं आहे आणि लांब वीकएंडला बरेच जण येतात. पासपोर्टवरच्या अमेरिकी व्हिसाची मुदत संपलेली असताना कॅनडा किंवा मेक्सिकोला थोडे दिवस जाऊन परत येण्याची जी सवलत असते, ती ग्वाटेमालाला लागू नाही. व्हिसाचा शिक्का चालू मुदतीचा नसेल तर परतीच्या विमानातच बसवत नाहीत. विद्यार्थ्यांनी आय-२० वरची, म्हणजे कॉलेजने दिलेल्या विद्यार्थी-प्रमाणपत्रावरची, प्रवासाची सही ताजी आहे ना, तेही पाहावं. ती वर्षभर चालते, शिक्षणानंतरच्या ओपीटीवर, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, असाल तर सहाच महिने.

हॉस्टेल कसं निवडायचं

इथे हॉस्टेल म्हणजे खाटेच्या भाड्याने राहायची जागा. एका खोलीत ४ ते १२ खाटा, एकावर एक. एका रात्रीचं भाडं साधारण १०० ते २०० केत्साल. एक केत्साल म्हणजे ११-१२ रुपये, आणि डॉलरला साधारण साडेसात-पावणेआठ केत्साल. पार्टी हॉस्टेलमध्ये बार त्याच चौकात असतो, खेळ असतात, कधी छोटा तलाव किंवा गरम पाण्याचा टब असतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बाहेर नेणारं कुणीतरी असतं. अँटिग्वात या प्रकारात ट्रोपिकाना हे नाव बॅकपॅकरांमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. माया पपाया त्या मानाने शांत, झोपेची किंमत असणाऱ्यांसाठी. पण हॉस्टेलं मालक बदलतात, बंद होतात, एका हंगामात त्यांचा स्वभावच बदलतो. म्हणून नावावर न जाता अभिप्राय वाचा, तेही गेल्या दोन महिन्यांतलेच.

वाचताना नुसते गुण पाहू नका, तीन शब्द शोधा: आवाज, कुलूप, पाणी. ‘बार चौकात आहे’ असं कुणी लिहिलं असेल तर समजून जा, की आवाज प्रत्येक खोलीत जाणार. वाड्याच्या रचनेत चौक म्हणजे भोंगाच. मागच्या दुसऱ्या चौकातली किंवा गच्चीलगतची खोली मागा. रस्त्याकडच्या खिडकीचाही भरवसा नाही: पहाटे चारला शटल गाड्या येतात, फरसबंदीवर चाकं खडखडतात आणि ड्रायव्हर नाव पुकारतो.

बुक करताना पुढचे प्रश्न संदेश पाठवून विचारा. हॉस्टेलचा बार किती वाजता बंद होतो? शेजारी वस्ती असल्यामुळे बहुतेक ठिकाणी दहा-अकराला चौकातलं संगीत थांबवतात आणि सगळ्यांना बाहेरच्या बारकडे नेतात. हे तुमच्या फायद्याचंच आहे. रात्री दार कोण उघडतं, की स्वतःची किल्ली किंवा आकड्यांचं कुलूप आहे? लॉकरमध्ये पूर्ण सॅक मावते का, की फक्त लॅपटॉप? खाटेला पडदा, दिवा आणि प्लग आहे का? पडद्यामुळे थोडा आडोसा मिळतो. प्लग नसेल तर रात्रभर फोन दूर कुठेतरी चार्जिंगला ठेवावा लागतो, आणि चोऱ्या नेमक्या तिथेच होतात.

पहिल्यांदा येणाऱ्याने पाच रात्री थेट पार्टी हॉस्टेलमध्ये घेऊ नयेत, असं आमचं ठाम मत आहे. दोन रात्री तिथे घ्या, ओळखी करा, मग शांत जागी हला. शहराचा मध्य एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटांचा. शांत हॉस्टेलमध्ये झोपूनही पार्टी हॉस्टेलच्या बारमध्ये जाता येतं, बहुतेक ठिकाणी बाहेरच्यांनाही आत घेतात. उलट मात्र जमत नाही: गोंगाटात राहून झोप आणता येत नाही.

सोबत आणायचं सामान थोडंच, पण तेच नेमकं विसरतं. स्वतःचं कुलूप, मध्यम जाडीच्या कडीचं. फार जाड कडी लॉकरच्या भोकात जात नाही. कानात घालायचे मऊ बोळे, दोन जोड्या. अमेरिकी पद्धतीच्या चपट्या दोन पात्यांचा प्लग अॅडॅप्टर. वीज १२० व्होल्टची आहे. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, भारतातून आणलेली पाण्याची कॉईल किंवा केस वाळवायचं यंत्र नीट तापत नाही. पातळ जॅकेट: शहर सुमारे १,५३० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडंसंच खाली. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते आणि बारचे चौक उघडे असतात. आणि सपाट, पकड असलेले बूट. या फरसबंदीचे दगड ओबडधोबड आहेत. टाचेचे सँडल फटीत अडकतात, पाऊस पडला की गोटे निसरडे होतात, आणि दोन बिअरनंतर पाय मुरगळायला निमित्तच लागत नाही. इथल्या रात्रीची सगळ्यात नेहमीची दुखापत घोट्याची.

कधी यावं

नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम, मे ते ऑक्टोबर पावसाचा. पाऊस बहुतेक दुपारी कोसळतो, रात्री उघडीप मिळते, आणि खाटा स्वस्त होतात. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताह, सेमाना सांता, ही शहराची सगळ्यात मोठी वेळ. रंगीत भुशाचे आणि फुलांचे गालिचे रस्त्यावर मांडतात, त्यावरून मिरवणुका जातात. ग्वाटेमालाचा हा सप्ताह २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला. तेव्हा यायचं असेल तर काही महिने आधी खाट पकडा आणि पार्टीचा विचार बाजूला ठेवा. ज्या रस्त्यावर लोक रात्रभर गुडघ्यांवर बसून गालिचा मांडत आहेत, त्या रस्त्यावर हातात बिअर घेऊन फिरू नये. ७ डिसेंबरला सैतानाचा पुतळा जाळतात, ३१ डिसेंबरला सांता कातालिनाच्या कमानीच्या रस्त्यावर आतषबाजी होते. दोन्ही रात्री बाहेर राहण्यासारख्या आहेत, फक्त खिसे सांभाळा.

निवडणुकीची तारीख मात्र पाहून ठेवा. मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी १२ पासून मतदानानंतरच्या दिवशी सकाळी ६ पर्यंत देशभर दारू बंद असते. मतदान रविवारी होतं, म्हणजे शनिवार-रविवारच्या दोन्ही रात्री गेल्याच. सार्वत्रिक निवडणूक दर चार वर्षांनी असते, मागची २०२३ मध्ये झाली.

पैसे आणि पत्ते

एटीएम फक्त बँकेच्या आतलं वापरा, दिवसाउजेडी. रस्त्यावरच्या आणि दुकानातल्या यंत्रांवर कार्डाची नक्कल करणारी उपकरणं बसवल्याचे प्रकार झालेले आहेत. एका वेळी बहुधा २,००० केत्सालपर्यंतच रक्कम मिळते आणि शुल्क कापलं जातं, तेव्हा थोडं थोडं काढण्यात तोटा आहे. यंत्रातून शंभराच्या नोटा येतात. त्या संध्याकाळी जेवताना किंवा सुपरमार्केटमध्ये मोडा, कारण रात्री बारमध्ये गर्दीत सुट्टे मिळत नाहीत. डॉलर आणले असतील तर नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. जराशी फाटलेली, शाई लागलेली नोट इथे कुणी घेत नाही.

एका रात्रीचा हिशेब असा धरा. बारमध्ये बिअर २० ते ३५ केत्साल, कॉकटेल ४० ते ६०, क्लबमध्ये शनिवारी कधी प्रवेशशुल्क, वर रस्त्यावरचं खाणं २० ते ४०. बिलावर १० टक्के बक्षिसी बऱ्याचदा आधीच लावलेली असते. ‘प्रोपिना’ हा शब्द बिलावर शोधा, म्हणजे दोनदा दिली जाणार नाही. साधारण ३०० केत्साल रोख खिशात, एक कार्ड बुटात किंवा आतल्या कप्प्यात, दुसरं कार्ड आणि पासपोर्ट लॉकरमध्ये. पासपोर्टचं पहिलं पान आणि प्रवेशाच्या शिक्क्याचं पान यांचा फोटो फोनमध्ये असू द्या. वयाची अट १८ आहे, आणि कुणी विचारलंच तर फोटोवर बहुतेक ठिकाणी भागतं.

पत्ते समजून घ्यायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं रात्री फार उपयोगी पडतात. ‘अवेनिदा’ म्हणजे उत्तर-दक्षिण रस्ते, ‘काये’ म्हणजे पूर्व-पश्चिम. अवेनिदांचे आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात, कायेंचे उत्तरेकडून दक्षिणेकडे. मधला चौक, पार्के सेंत्राल, हा शून्याचा दगड: त्याच्या वरचा भाग नोर्ते, खालचा सुर, पूर्वेचा ओरिएन्ते, पश्चिमेचा पोनिएन्ते. सांता कातालिनाची पिवळी कमान पाचव्या अवेनिदा नोर्तेवर आहे. दिशा चुकली तर आग्वा ज्वालामुखी शोधा, तो थेट दक्षिणेला. उत्तरेला क्रूसाची टेकडी. चांदण्या रात्री आग्वाची आकृती स्पष्ट दिसते आणि नकाशाशिवाय घर सापडतं. टेकडीवर मात्र अंधार पडल्यावर जायचं नाही, तिथे लूटमारीचे प्रकार पूर्वीपासून होत आलेत.

संध्याकाळ ते एक वाजेपर्यंत

चार वाजता एक झोप काढा. नाचायची हौस असेल तर त्याऐवजी साल्साच्या शिकवणीला जा. गावात नृत्यशाळा बऱ्याच आहेत आणि तासाभराच्या वर्गात मूळ पावलं येतात. साल्सा आठ मात्रांचा: एक-दोन-तीन पावलं, चौथीला थांबायचं, पाच-सहा-सात, आठवीला थांबायचं. नवखा माणूस चौथ्या मात्रेवरही पाऊल टाकतो आणि मग समोरच्याच्या पायावर पडतो. थांबणं जमलं की निम्मं जमलं. बचाता त्याहून सोपा, तीन पावलं आणि चौथ्याला कंबरेचा हलका झोका.

साडेपाच-सहाला कुठल्याही गच्चीवर जा. नैर्ऋत्येला आकातेनांगो आणि फुएगो ही ज्वालामुखींची जोडी दिसते. फुएगो जागता आहे. त्याच्या सक्रिय काळात दर पंधरा-वीस मिनिटांनी धुराचा लोट उठतो आणि अंधार पडला की शिखरावर लाल ठिणग्या दिसतात. रात्री खिडकीची तावदानं थरथरली तर बहुतेक वेळा तोच गुरगुरत असतो. जमीन हलली तर मात्र चौकाच्या मधोमध, कौलांपासून दूर उभं राहायचं.

सातला जेवा, आणि पोटभर जेवा. ही पायरी गाळणाऱ्याची रात्र दहालाच संपते. ला मेर्सेद चर्चसमोर संध्याकाळी गाड्या लागतात: मक्याचं गरम पेय आतोल, कुरकुरीत मक्याच्या पोळीची तोस्तादा, भाजलेलं कणीस. शाकाहारी माणसाला ‘रेयेनितो’ सापडला की तो खूश. शिजवलेल्या केळ्याच्या पारीत गोडसर काळ्या घेवड्याचं सारण भरून तळतात, जवळजवळ आपल्या कचोरीचा गोड भाऊ. वाक्य पाठ करा: ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका’, म्हणजे मांस नको, कोंबडी नको, डुकराची चरबी नको. शेवटचा शब्द महत्त्वाचा, कारण घेवडा पुष्कळदा चरबीतच परततात. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर मांस काढून देतील, चरबी राहील.

आठला हॉस्टेलच्या बारमध्ये या. एकट्याने आलेल्यांसाठी हाच दीड तास सोन्याचा. बारच्या कट्ट्यावर बसा, टेबलावर नाही. टेबलं आधीच्या मित्रमंडळींची असतात, कट्टा नव्यांचा. पत्त्यांचे आणि चेंडू-पेल्याचे पिण्याचे खेळ सुरू असतील तर एका फेरीत सामील व्हा. पिणाऱ्यांच्या टोळीत न पिणाऱ्यालाही जागा असते, पेल्यात सोडा आणि लिंबू असलं तरी कुणी विचारत नाही. कुणी आग्रह केलाच तर ‘नो, ग्रासियास, मान्याना वोल्कान’ म्हणा: नको, उद्या ज्वालामुखी. अँटिग्वात ही सबब सगळ्यांना पटते.

साडेनवाला बाहेर पडा. शांत सुरुवात हवी असेल तर पहिल्या अवेनिदा सुरवरचा काफे नो से. मेणबत्त्यांचा उजेड, बसकं छप्पर, गिटार, आणि मागच्या खोलीत मेस्काल. मेस्काल ही मेक्सिकोची आगावे वनस्पतीपासूनची धुरकट दारू. इथल्या मालकाने मेक्सिकोतल्या वाहाकाहून आणलेल्या मेस्कालमधूनच इलेगाल हा ब्रँड उभा राहिला. मेस्काल घोट घोट घ्यायची असते, एका दमात नाही. अकराच्या सुमारास कमानीजवळच्या नाचायच्या ठिकाणी गर्दी भरते: रेगेटॉन, मधेच बचाता आणि मेरेंगे. नाचायला विचारायचं ते ‘¿बायलास?’ एवढंच. ‘नो, ग्रासियास’ आलं की तिथेच विषय संपवायचा, पुन्हा विचारायचं नाही. आठवड्याच्या मधल्या दिवसांत क्लब रिकामे वाटतात. गुरुवार ते शनिवार राजधानीतले तरुण येतात आणि गाव भरतं.

साडेबाराला निघायचा विचार करा. एकला सगळे बार एकदम रिकामे होतात, रस्त्यावर गर्दी होते, उबरचे भाव चढतात, आणि ‘आफ्टर पार्टीला चला’ म्हणणारे अनोळखी चेहरे नेमके तेव्हाच भेटतात. कुणाच्यातरी घरी, गावाबाहेर, अनोळखी गाडीतून असं आमंत्रण असेल तर नको म्हणा. मधल्या भागात तिघा-चौघांनी मिळून उजेडाच्या रस्त्याने चालत जाणं ठीक आहे, एकट्याने दोन चौकांपलीकडे जायचं असेल तर उबर घ्या आणि गाडीचा क्रमांक जुळवून मगच बसा. दिवसा गावात तीनचाकी टुकटुक दिसतील. बजाजची ती ओळखीची रिक्षा पाहून मराठी डोळे चमकतात. पण रात्री उशिरा तिचा भरवसा धरू नका.

पेल्यात काय आहे

स्थानिक बिअर म्हणजे गायो, बाटलीवर कोंबड्याचं डोकं. १८९६ पासूनचा ब्रँड, हलकी लागर. एक लिटरची बाटली चौघांत स्वस्त पडते. रमसाठी देश प्रसिद्ध आहे: साकापा सावकाश प्यायची, त्यात कोला ओतू नये. कोल्यासोबत बोत्रान. चोखंदळ नसलेल्यांची दारू म्हणजे केत्साल्तेका, उसाची, साधारण ३६ टक्क्यांची. जास्वंदाच्या जातीच्या फुलांचा लालसर प्रकार सरबतासारखा लागतो, आणि घात तिथेच होतो. गोडव्यामुळे माणूस मोजणं विसरतो. गावठी ‘कुशा’ कुणी दिली तर घेऊ नका. हातभट्टीचा धोका तिथेही तोच: मिथेनॉल चवीवरून कळत नाही.

मिचेलादा म्हणजे बिअरमध्ये लिंबू, मीठ, तिखट आणि सॉस. शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं, कारण त्यात बहुधा वूस्टरशर सॉस असतो, ज्यात मासे असतात, आणि टोमॅटोच्या रसाऐवजी क्लामातो असेल तर शिंपल्यांचा अर्क. पेयाबरोबर छोट्या बशीतून जे येतं ते ‘बोकितास’, आपला चखणा. जुन्या पद्धतीच्या ठिकाणी त्याचे वेगळे पैसे नसतात.

चांगल्या बारमधला बर्फ शुद्ध पाण्याचा असतो. रस्त्यावरचा किसलेला बर्फ टाळा. नळाचं पाणी पिऊ नका, दातही हॉस्टेलच्या मोठ्या जारच्या पाण्याने घासा. दर दोन पेयांमागे एक ग्लास पाणी प्या. उंचीमुळे आणि कोरड्या हवेमुळे अंगातलं पाणी समजण्याआधीच कमी होतं. पेला नजरेआड झाला तर तो सोडून द्या, नवा घ्या. कुणाला दोनच पेयांत भलतीच गुंगी आली तर ‘चढली’ समजून खाटेवर टाकू नका. शेजारी बसा, कुशीवर झोपवा, हॉस्टेलच्या माणसाला उठवा. पर्यटकांच्या मदतीसाठी प्रोआतूरचा १५०० हा क्रमांक आहे, पोलिसांसाठी ११०, अग्निशमन दलाच्या रुग्णवाहिकेसाठी १२२ किंवा १२३. हे चारही क्रमांक दुपारीच फोनमध्ये घाला. टीगो किंवा क्लारोचं सिमकार्डही दुपारीच घ्या. अमली पदार्थांना ग्वाटेमालाचा कायदा अजिबात माफ करत नाही, अगदी स्वतःपुरत्या थोड्याशालाही. विकणारा आणि पोलिसाला खबर देणारा एकच माणूस असू शकतो. रस्त्यावर उघडी बाटली घेऊन फिरणंही नको, आणि घराघरांच्या खिडक्यांखाली रात्री एकला गाणी म्हणणं तर नकोच. भिंतीपलीकडे सकाळी सहाला कामाला जाणारी माणसं झोपलेली असतात.

परत आल्यावर

खोलीचा मोठा दिवा लावायचा नाही. रात्रीचे कपडे, पाण्याची बाटली आणि दात घासायचं सामान संध्याकाळीच उशाशी काढून ठेवा, म्हणजे अंधारात प्लॅस्टिकची पिशवी कुरकुरत नाही. बारा जणांच्या खोलीत त्या पिशवीइतका राग दुसऱ्या कशाचा येत नाही. वरची खाट असेल तर शिडी संध्याकाळी एकदा चढून पाहा. टॉयलेटचा कागद कमोडमध्ये नाही, शेजारच्या डब्यात. जुन्या नळ्या तुंबतात, आणि रात्री दोनला तुंबल्या तर सगळ्या मजल्याचे हाल होतात.

सगळ्यात मोठी चूक नियोजनातली असते: पार्टीच्या दुसऱ्या दिवशी आकातेनांगोची चढाई ठेवणं. तो ३,९७६ मीटरचा डोंगर आहे. पहिल्याच दिवशी सॅक पाठीवर घेऊन साधारण १,२०० मीटर चढून ३,६०० मीटरच्या आसपासच्या तळावर पोचायचं असतं, रात्री कडाक्याची थंडी, पहाटे माथा. अंगातलं पाणी कमी, झोप चार तासांची, पोट बिघडलेलं, आणि वर विरळ हवा. डोकेदुखी दारूची की उंचीची हे तुम्हालाही कळत नाही आणि वाटाड्यालाही, म्हणून वेळेत खाली उतरायचा निर्णय लांबतो. क्रम असा ठेवा: येण्याच्या दिवशी आराम, दुसऱ्या दिवशी लवकर झोप, तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोंगर, आणि उतरल्यावर पार्टी. डोंगरावर बरोबर असलेली मंडळी त्या रात्री एकाच टेबलावर येतात, ओळखी आधीच झालेल्या असतात, आणि ती रात्र बहुतेकांची सगळ्यात चांगली ठरते.

दारूच्या दुसऱ्या दिवशीच्या हँगओव्हरला इथे ‘गोमा’ म्हणतात. ‘तेन्गो गोमा’ म्हटलं की काउंटरवरचा माणूस समजून जातो. खोली सोडायची वेळ बहुधा अकरा. सॅक हॉस्टेलच्या सामानाच्या खोलीत ठेवता येते, तिलाही तुमचंच कुलूप लावा. मग बाजारापाशी जाऊन अंडी, काळा घेवडा, तळलेली पिकली केळी, मक्याच्या तोर्तिया असा स्थानिक नाश्ता घ्या. अंगातलं पाणी फार कमी झालं असेल तर औषधांच्या दुकानात ‘सुएरो ओराल’ मागा, ते आपलं ओआरएस. पुढे आतित्लान तळ्याची शटल पकडायची असेल तर ती दुपारची घ्या. वळणावळणाचा घाट आहे, आणि रिकाम्या पोटी मागच्या सीटवर बसू नका.